डिस्टिलरी वाढवायची का: चार चित्रं मांडून निर्णय कसा घ्यावा

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. तुम्ही एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात आहात. संचालक मंडळाला डिस्टिलरी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करणारा विभाग, रोज ४५ हजार लिटरवरून ९० हजार लिटरवर न्यायची आहे. सल्लागाराच्या अहवालात आशावादी, मध्यम आणि निराशावादी असे तीन रकाने आहेत. बँकेनं विचारलं, 'धोरण बदललं तर?' त्यावर चेअरमन साहेबांनी तुम्हाला सांगितलं, 'ते सिनारिओ प्लॅनिंग म्हणतात ते करून आणा.' म्हणजे पुढे काय काय घडू शकतं त्याची वेगवेगळी चित्रं मांडून निर्णय तपासणं. आता तुम्ही विचारताय की चित्रं किती काढायची, प्रत्येकाला टक्केवारी किती द्यायची आणि इथेनॉलचं पुढच्या दहा वर्षांत नक्की काय होणार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येणार नाही, आणि तुमचं काम त्यावाचून अडलेलंही नाही. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे: आज काढायचं कर्ज चांगल्या दिवसांत फिटेलच, पण वेगळ्या प्रकारच्या वाईट दिवसांतही फिटेल का? फिटणार नसेल, तर प्रकल्पात आत्ताच काय बदलून ठेवायचं? सिनारिओचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच असतो. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं कारखाने, दूध संघ आणि पाणीपुरवठ्याच्या योजनांसाठी हे काम करतोय. ज्या बैठकीत लोक भविष्य ओळखायला बसले, तिथून मी रिकाम्या हातानं परतलो. जिथे ते एक निर्णय तपासायला बसले, तिथे काहीतरी हाती लागलं.

आता ते तीन रकाने. असे अहवाल माझ्यापुढे नेहमी येतात. एका रकान्यात उसातून मिळणाऱ्या साखरेचा उतारा अर्धा टक्का जास्त, दुसऱ्यात अर्धा टक्का कमी. इथेनॉलचा दर दोन रुपये वर, दोन रुपये खाली. पण तिन्ही रकान्यांत पाऊस सरासरीइतका पडतो, हंगाम ठरल्या दिवशी सुरू होतो, तेल कंपन्या सगळं इथेनॉल उचलतात आणि दिल्लीहून एकही आदेश येत नाही. जग एकच, त्याचे भाव तीन. मग बैठकीत सगळे मधल्या रकान्यावर बोट ठेवतात आणि ठराव मंजूर होतो. मधला रकाना खरा ठरतो म्हणून त्यावर बोट पडत नाही. तो कुणालाच खटकत नाही, म्हणून पडतं.

यात माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण या कामाबद्दलचं माझं मत तिच्यामुळेच बदललं. २०२१ च्या पावसाळ्यात मी एका कारखान्यात अशीच बैठक घेत होतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट तेव्हा नुकतंच २०३० वरून २०२५ वर आणलं होतं. कर्जाच्या व्याजावर केंद्राची सवलत होती. सगळीकडे उत्साह होता. पुढे काय काय घडू शकतं ते लिहिलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांकडून गोळा केल्या, त्यात एकीवर लिहिलं होतं, 'उसाच्या रसापासून इथेनॉल करायला ऐन हंगामात बंदी.' एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, 'सरकारच व्याज भरतंय, तेच बंद कसं करेल?' युक्तिवाद सगळ्यांना पटला, मलाही पटला. मी ती चिठ्ठी फळ्यावरून काढून बाजूला ठेवली.

७ डिसेंबर २०२३ ला आदेश आला: इथेनॉल पुरवठ्याच्या चालू वर्षात उसाचा रस आणि तो आटवून केलेलं सिरप इथेनॉलसाठी वापरायचं नाही. बी हेवी मळीच्या, म्हणजे बरीच साखर शिल्लक असलेल्या मधल्या टप्प्यावरच्या मळीच्या, आधीच्या ऑर्डरी तेवढ्या चालू राहिल्या. त्या कारखान्याचे चीफ केमिस्ट रात्री फोनवर सांगत होते की साखर शिजवायच्या पॅनकडे जायचं थांबवून डिस्टिलरीकडे वळवलेलं सिरप आता परत साखरेकडे फिरवतोय, आणि नव्या विभागातल्या दोन पाळ्यांना काय काम द्यायचं तेच कळत नाही. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, देशभर मिळून १७ लाख टन साखरेइतकं इथेनॉलकडे वळवायला परवानगी मिळाली. पूर्ण निर्बंध उठले ते ऑगस्ट २०२४ च्या शेवटी, पुढच्या पुरवठा वर्षासाठी. कर्जाचा हप्ता मात्र आपल्या तारखेला पडतच राहिला.

ती चिठ्ठी काढायला नको होती. पण माझी त्याहून मोठी चूक वेगळी होती. मी 'सरकार बंदी घालेल का' हा प्रश्न सुटा विचारला, आणि सुट्या प्रश्नाला माणूस 'नाही, असं कसं होईल' असंच म्हणतो. बंदी आकाशातून पडलेली नव्हती. २०२३ चा ऑगस्ट हा हवामान खात्याच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पावसानं दडी मारली, महाराष्ट्र आणि कर्नाटकात उसाची वाढ खुंटली, साखर कमी पडेल अशी धास्ती बसली, भाव चढू लागले. साखरेच्या निर्यातीवर आधीपासून निर्बंध होतेच, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये पुढे वाढवले. समोर लोकसभेची निवडणूक होती. या साखळीतली शेवटची कडी म्हणजे डिसेंबरचा आदेश. बैठकीत मी साखळी मांडली असती, तर त्याच ज्येष्ठ संचालकांनी मान डोलावली असती, कारण १९७२ पासूनचे दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

म्हणून आता माझा नियम असा आहे की चित्र म्हणजे साखळी. अमुक झालं म्हणून तमुक झालं, आणि तमुक झालं म्हणून अमक्यांनी असं केलं. ज्या चित्रात 'म्हणून' येत नाही, ते फळ्यावर ठेवायचं नाही.

हे तंत्र साखर धंद्यात जन्मलेलं नाही. शेल या तेल कंपनीत पिएर वॅक यांच्या गटानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते धंद्यात रुजवलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि पिंपाचा भाव काही महिन्यांत सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. शेलनं हे 'आधीच ओळखलं होतं' असं लोक सांगतात. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शेलच्या अधिकाऱ्यांनी अशा दिवसांचा विचार आधी एकदा केलेला होता. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे वॅक यांच्या गटाची १९७१ ची पहिली चित्रं निर्णयाला निरुपयोगी ठरली होती. सगळ्यांना माहीत असलेल्या अनिश्चितताच त्यांत जोडून ठेवल्या होत्या. दुसऱ्या फेरीत काम झालं. तुमच्या पहिल्या बैठकीतली चित्रं वरवरची वाटली तर घाबरू नका. पंधरवडा जाऊ द्या, मंडळींना शिवारात आणि बाजारात फिरून येऊ द्या, मग पुन्हा बसा.

वॅक यांचा एक दाखला तर आपल्याच देशातला आहे. हिमालयात गंगेच्या उगमाकडे मुसळधार पाऊस झाला, की काही दिवसांनी ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग बनारसला पाणी चढणार हे नक्की असतं. तिथे अंदाज करायचं काम नाही, पाणी निघालेलं आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे बघू लागतो, तसंच हे. तेव्हा पहिल्या बैठकीत 'काय होऊ शकतं' विचारण्याआधी 'काय आधीच होऊन चुकलंय' ते लिहा. तुमच्या शेती विभागाकडे ऊस नोंदीची वही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस पुढच्या वर्षीच्या हंगामात गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडणार आहे. म्हणजे एका हंगामाचा बराचसा अंदाज आज तुमच्या कपाटात आहे. कर्जाच्या हप्त्याची तारीख नक्की आहे. एफआरपी, म्हणजे केंद्र ठरवतं तो उसाचा किमान दर, कधी आहे तिथेच राहिली असेल, पण खाली आलेली मी पाहिलेली नाही. २०२२-२३ ला ती क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२५-२६ ला ३५५ झाली. दुसरीकडे बी हेवी इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून २०२४-२५ पर्यंत लिटरला ६० रुपये ७३ पैशांवरच राहिला. या दोन आकड्यांमधलं अंतर तुमच्या सल्लागाराच्या एकाही रकान्यात नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. तेवढं आधी तपासा.

खोलीत कोण बसतंय यावर निम्मं काम अवलंबून असतं. दक्षिण आफ्रिकेत १९९१-९२ मध्ये, वर्णभेदाची राजवट संपत असताना, वेगवेगळ्या बाजूंचे बावीस लोक मॉन्ट फ्लर इथे एकत्र बसले आणि त्यांनी देशापुढची चार चित्रं काढली. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका टेबलाशी होती, म्हणूनच त्या चित्रांना पुढे वजन आलं. तुमच्याकडे संचालक आणि सल्लागार तर येतीलच. पण शेती अधिकारी, चीफ केमिस्ट, एखादा ऊसतोड मुकादम, जिल्हा बँकेचा अधिकारी, तालुक्यातला पेट्रोल पंपवाला आणि दुचाकींचा डीलर यांनाही बोलवा. हे लोक चेअरमन साहेबांसमोर बोलत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला कोरा कागद देतो आणि सांगतो, २०३५ साली हंगामाआधीच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्या कारखान्याची काय बातमी असेल ते एका ओळीत लिहा, नाव घालू नका. एका ठिकाणी शेती अधिकाऱ्यांनी लिहिलेलं मला आठवतं: 'उचल घेतलेल्या निम्म्या टोळ्या आल्याच नाहीत, ऊस शिवारात उभा.' तोपर्यंतच्या दीडशे पानांच्या अहवालात तोडणीचा उल्लेख एका परिच्छेदात होता. दुसऱ्या एका बैठकीत दुचाकीच्या डीलरनं सांगितलं की कॉलेजच्या मुली आता इलेक्ट्रिक स्कूटरच बघायला येतात, पण दूधवाल्याला चार कॅन लावून घाट चढायचा असतो, तो अजून पेट्रोलचीच नेतो. इथेनॉल शेवटी पेट्रोलमध्येच मिसळतं, त्यामुळे त्या दूधवाल्याची पुढची गाडी कोणती, हा तुमच्या डिस्टिलरीचा प्रश्न आहे.

चित्रं किती? बहुतेक वेळा चार. तीन काढली की मन मधल्याकडे धावतं, पाचाहून जास्त लक्षात राहत नाहीत. दोन मोठ्या अनिश्चितता घ्यायच्या आणि त्यांचे चार मेळ बघायचे. गाडी अडते ती हीच दोन निवडताना. बहुतेक गट 'सरकारी धोरण' आणि 'इथेनॉलचा दर' असे दोन अक्ष घेतात. पण दर सरकारच ठरवतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा आली. माझा अनुभव असा की धोरणाला अक्षच करू नये. धोरण हा परिणाम असतो. त्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टी घ्या: एक, आपल्या भागात उसाला पाणी किती, दोन, रस्त्यावरच्या गाड्या पेट्रोल किती पितात. सरकार काय करेल ते प्रत्येक चित्रात या दोघांतून काढा.

पाणी भरपूर आणि पेट्रोल चालू, हे चित्र सगळ्यांच्या आवडीचं. एका गटानं त्याला 'भरली गव्हाण' नाव दिलं होतं. पण यातही एक अडचण लपलेली आहे. सगळ्यांकडेच डिस्टिलरी असेल. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागितलं, आणि पुरवठा करायचे देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. मिसळणीचं प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेलं नाही, तर चांगल्या पावसातसुद्धा तुमच्या टाक्या भरलेल्या राहू शकतात.

पाणी कमी आणि पेट्रोल चालू, हे चित्र तुम्ही सर्वांत जास्त वेळ घेऊन मांडा. ते एकदा घडून गेलंय. यात साखर महाग होते, सरकार आधी खाणाऱ्याकडे बघतं आणि रस-सिरपचा रस्ता बंद होतो. ब्राझीलची आठवण मी इथे मुद्दाम करून देतो. तिथे १९७५ मध्ये ऊस-इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८० च्या दशकात बहुतेक नव्या मोटारी निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. दशकाच्या शेवटी साखरेला चांगला भाव मिळू लागला, तेल स्वस्त होतं, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ मध्ये पंपांवर इथेनॉलच मिळेना. लोकांचा विश्वास उडाला, त्या मोटारींची विक्री कोसळली. गाडी पुन्हा रुळावर यायला २००३ उजाडलं, जेव्हा पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी फ्लेक्स मोटार बाजारात आली. आपल्याकडे आदेशानं झालं, तिथे भावानं झालं, पण मूळ एकच: ऊस एक आणि वाटेकरी दोन. उपाय काय निघाला तेही बघा. मालकाला बाजू बदलता येईल असं इंजिन केलं.

पाणी भरपूर, पण गाड्या विजेवर, या तिसऱ्या चित्रात इथेनॉलची मागणी हळूहळू आटते. इथे वेग महत्त्वाचा. दुचाकी आधी वळतील, मोटारी मागून. तुमचं कर्ज सात-आठ वर्षांचं असेल तर त्यातली पहिली काही वर्षं बहुधा निभावतात. पंधरा वर्षांची स्वप्नं मात्र या चित्रात टिकत नाहीत. चौथं चित्र, दोन्ही बाजूंनी कोरडं, त्यावर फार वेळ घालवू नका. तिथे डिस्टिलरीच काय, कारखानाच अडचणीत असतो. बुडताना किती खोल जाऊ, एवढंच मोजायचं.

चित्रांना गटानंच नावं द्यावीत, आपल्या बोलीतली. 'परिस्थिती क्रमांक दोन' कुणाच्या लक्षात राहत नाही. 'डिसेंबरचा आदेश' म्हटलं की सभासदालासुद्धा समजतं.

आता तुमचं खरं काम, आणि ते तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही. प्रत्येक चित्रासाठी एका पानाचा रोखीचा तक्ता करा आणि त्यावर एकच प्रश्न विचारा: तिसऱ्या वर्षाचा हप्ता कुठून भरणार? नफा किती, परतावा किती, ते नंतर. ज्या कारखान्याची गोष्ट मी सांगितली, त्यांच्याबरोबर २०२४ मध्ये पुन्हा बसलो तेव्हा हा तक्ता त्यांच्या अकाउंटंट बाईंनी प्रोजेक्टरवर लावला. दुसऱ्या चित्रात तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात काही क्षण कर्सर तसाच लुकलुकत राहिला, तिथे भरायला आकडाच नव्हता. खोलीतली कुजबुज थांबली. त्यानंतरची चर्चा मला आजवरच्या सगळ्या बैठकांतली सर्वांत उपयोगी वाटते.

त्यांनी प्रकल्प सोडला नाही, त्याची रचना बदलली. क्षमता एका दमात दुप्पट करायचं टाळून दोन टप्पे केले, आणि दुसऱ्या टप्प्याचं कर्ज अटींवर ठेवलं. नवीन खर्च सिरपच्या जोरावर न बेतता मळीच्या जोरावर बेतला, सिरप मिळालं तर वरचं उत्पन्न. इथेनॉल साठवायला एक जादा टाकी घेतली. आणि धान्यावर चालण्यासाठी लागणाऱ्या विभागाची जागा, पाया आणि वाफेची जोडणी आत्ताच राखून ठेवली. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मका आणि खराब धान्यावरही चालाव्यात म्हणून केंद्रानं व्याज सवलतीची योजना काढली, तेव्हा त्यांचा नकाशा तयार होता. मका हेही सोनं नाही हे मात्र लक्षात ठेवा. मका महागला की पोल्ट्रीवाले ओरडतात, आणि तिथेही सरकारला मध्ये पडावं लागू शकतं. मक्यासाठीही अशीच साखळी मांडून बघा.

टक्केवारीबद्दल तुम्ही विचारलंत. मी देत नाही. या कामातले काही चांगले लोक देतात, त्यांची कारणं आहेत. पण मी पाहिलंय की 'बंदी: दहा टक्के' असं लिहिलं, की दुसऱ्या मिनिटाला ते चित्र बैठकीतून गायब होतं. बँकेला आकडा हवाच असेल, तर प्रत्येक चित्रात हप्ता चुकण्याची रक्कम आणि महिने द्या. बँकेच्या माणसाला शक्यतेच्या टक्क्यापेक्षा ते जास्त कळतं.

टक्केवारीच्या जागी मी खुणा ठेवतो, आणि प्रत्येक खुणेला एक माणूस नेमतो. शेती अधिकाऱ्यांनी ऑगस्टअखेरचा पाऊस आणि आडसाली नोंद बघायची. तुम्ही ३० सप्टेंबरची देशातली साखरेची शिल्लक बघायची, कारण हंगाम तिथे संपतो आणि सरकारचा हात सैल की आवळलेला ते बरंचसं त्यावर ठरतं. डिस्टिलरी मॅनेजरनी तेल कंपन्यांच्या निविदेत मागितलं किती आणि आपल्याला वाटून आलं किती ते मांडायचं. आरटीओत नोंदल्या जाणाऱ्या विजेच्या दुचाकींचा जिल्ह्याचा आकडा वर्षातून दोनदा. ऑक्टोबरच्या पहिल्या मंडळ बैठकीत या चार गोष्टींना वीस मिनिटं द्यायची आणि आपण कोणत्या चित्राकडे सरकतोय ते इतिवृत्तात लिहायचं. ऑगस्ट कोरडा आणि शिल्लक कमी, असं दोन्ही दिसलं तर सिरपचा कार्यक्रम छोटा करायचा, हे आधीच ठरवून ठेवायचं. डिसेंबरची वाट बघायची नाही.

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचं कार्यक्षेत्र बारमाही बागायत असेल तर पहिला अक्ष बोथट होतो आणि त्याऐवजी तोडणीची माणसं हा अक्ष घ्यावा लागेल. निम्मा ऊस बाहेरून आणत असाल तर शेजारचा कारखाना काय करणार हेच सर्वांत मोठं कोडं. मंडळाची निवडणूक वर्षावर आली असेल तर हा अभ्यास निवडणुकीनंतर करा, आधी केला तर तो प्रचारात ओढला जातो. आणि जो खर्च परत फिरवता येतो, एखादा पंप, एखादं सॉफ्टवेअर, त्यासाठी चार चित्रांची गरज नाही.

तुमच्यासाठी पुढचं ठोस काही सांगायचं तर मला तीन आकडे हवेत: यंदाची आडसाली नोंद किती एकर आणि गेल्या वर्षी किती होती, एकूण गाळपात बाहेरचा ऊस किती टक्के, आणि नव्या कर्जाचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यात पडतो. कारखान्याचं नाव लिहू नका. आकडे आले की तुमचे दोन अक्ष कोणते असावेत ते इथेच मांडतो.